उंचीची रांग

कर्जतच्या बाजारात वालाच्या कोवळ्या शेंगा दिसायला लागल्या की लोकांना शेतावर शेंगा भाजून खायची पोपटी आठवते. मडकं कुणी आणायचं, भांबुर्डीचा पाला कुणी, जमायचं कुणाच्या शेतावर, याचे फोन सुरू होतात. मला मात्र मोजपट्टी आठवते. आमच्या शाळेत मुलांची उंची आणि वजन घ्यायचं ते याच दिवसांत, संक्रांतीच्या थोडं मागेपुढे. काल शेंगवालीने तराजूत शेंगा टाकल्या, पारडं खाली गेलं, आणि मी पिशवी उघडी धरून नुसती बघत राहिले. “बाई, घ्यायच्या हायेत ना?” असं तिने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा भानावर आले.

मी शिकवते ती शाळा कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, डोंगराच्या अगदी पायथ्याला. खोल्या दोन, शिक्षक दोन, वर्ग पाच. डोंगर पूर्वेला, त्यामुळे थंडीत आमच्याकडे ऊन उशिरा येतं. खाली कर्जतला लोक चहा पिऊन कामाला लागलेले असतात आणि आमची मुलं भिंतीला पाठ लावून उन्हाची वाट बघत असतात. ऊन आधी झेंड्याच्या खांबावर उतरतं, मग पटांगणात, मग आमच्यापर्यंत. भात केव्हाच घरी गेलेलं असतं. शेतात धसकटं आणि त्यांच्यामधून वर आलेला वाल. मुलांचे गाल उललेले, बाटलीतलं खोबरेल थिजलेलं. मला हा ऋतू आवडतो, हे आधीच सांगून टाकते. एका वर्षी त्याने मला जे दाखवलं ते आवडलं नाही, पण त्यात ऋतूचा काय दोष.

उंची मोजायला वर्गाच्या भिंतीवर मी जिराफ काढला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, ऑइल पेंट आणून, जमिनीपासून टेप लावून एकेक खूण केली. जिराफ म्हणून काढला, दिसतो थोडा बकरीसारखा, पण मुलांनी कधी नावं ठेवली नाहीत. मोजणीच्या दिवशी मुलांचे डाव सुरू होतात. मुली केसांचा बुचडा नेमका डोक्याच्या टोकावर बांधून येतात. मुलगे टाचा उचलतात, टाचा दाबून धरल्या की माना ताणतात. वजनाआधी हापशीवर जाऊन पोटभर पाणी पिऊन येणारेही असतात. एकदा एकाच्या खिशातून चांगले दोन गोटे निघाले. मी डोळे वटारले तर म्हणाला, “वजन वाढलं की तुमी खूश व्हता ना, बाई.” यावर काय रागावणार? खरंच होते मी खूश.

प्रार्थनेची रांग आमच्याकडे उंचीप्रमाणे लागते. बुटकी पुढे, उंच मागे. मी सांगते आहे त्या थंडीत, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, रांगेच्या टोकाला पायल उभी असायची. पाचवीतली, वरच्या वाडीतली. पाय काडीसारखे, डोळे मोठे, आणि तोरा असा की शाळा जणू तिच्याच नावावर आहे. शेवटच्या जागेला आमच्याकडे मान आहे. खिडकीची वरची कडी शेवटच्याने काढायची, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख शेवटच्याने लिहायची, भिंतीवरचं घड्याळ पुसायचं तेही त्यानेच. दुसरं कुणी पुढे झालं की पायल त्याला दंडाला धरून बाजूला करायची. “थांब रं. तुजा हात पोचायचा नाय.” शाळेत कुणी पाहुणा आला आणि त्याने नाव विचारलं तर नावानंतर ती लगेच सांगायची, “मी शाळंत सगळ्यात उंच हाय.”

आणि ते खरंच होतं. आमच्या शाळेपुरतं.

माझी मुलगी मैत्री पायलपेक्षा चार महिन्यांनी लहान. ती कर्जतला इंग्रजी शाळेत जाते. (होय, सरकारी शाळेतल्या बाईंची मुलगी इंग्रजी शाळेत. मला याबद्दल जे बोलायचं ते लोक बोलून झालेत, मीही स्वतःला बोलून झाले आहे.) त्या थंडीत मी पायलसाठी मैत्रीचा आदल्या वर्षीचा स्वेटर काढून नेला. तो पायलच्या मांड्यांपर्यंत आला. हात तर बाह्यांत कुठे हरवले ते सापडेनात. पोरं हसली, पायलही हसली. मग घरी जाऊन कपाटाच्या तळातून मैत्रीचा दुसरीतला स्वेटर काढला. तो बरोबर बसला.

मैत्रीने ते लक्षात ठेवलं. “आई, ती माझ्याएवढी आहे ना? मग तिला माझा दुसरीतला कसा होतो?”

“बारीक आहे ती.”

“बारीक नाही गं. मी उंचीचं विचारतेय.”

मी तिला गृहपाठ झाला का ते विचारलं. शिक्षकांना उत्तर येत नसलं की ते प्रश्न विचारतात, हे मुलांना फार लवकर कळतं.

लोकांना या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ आहे. “त्यांची चणच तशी हो,” म्हणतात. आणि मग वर कौतुकाचा एक शब्द ठेवतात: काटक. डोंगरातली पोरं काटक असतात. मला हा शब्द ऐकला की डोकं उठतं. पोट भरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हाडांना दिलेलं हे प्रशस्तिपत्रक आहे. आपल्या मुलांना कुणी काटक म्हटलं तर आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेतो.

चण म्हणाल, तर माझ्याच घरातली गोष्ट सांगते. माझी आई खालापूरकडच्या खेड्यातली. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. आईच्या लहानपणी घरात जे शिजायचं ते आधी पुरुषांना, मग मुलग्यांना, आणि उरलं तर हिला. ती जेमतेम साडेचार फुटांवर थांबली. लग्न होऊन ती भिवपुरीला आली, वडील तिथल्या वीजकेंद्रात होते. क्वार्टर मिळालं, घरात नळ आला, दारात दूधवाला आला, कोपऱ्यावर दवाखाना. फळीवरचा डबा काढायला आई आयुष्यभर पाटावर चढली. पण माझ्या ताटात अंडं पडलं की ती समोर बसून राहायची, मी शेवटचा घास गिळेपर्यंत. रविवारी सकाळी बुद्धवंदनेला आम्ही सगळे उभे राहायचो, तेव्हा बाराव्या वर्षीच आईचं डोकं माझ्या कानाशी आलेलं मला आठवतं. मैत्री आत्ताच माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. तीन पिढ्या, रक्त तेच. चण बदलली नाही, ताट बदललं.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी पायलला शाळेतली सगळ्यात उंच मुलगी म्हणत होते आणि त्यात मला काहीच खटकत नव्हतं.

पायल धावायची. म्हणजे सगळीच मुलं धावतात, पण ही चालायची म्हणून नसेच. वाडीतून शाळेत येताना उतारावरून तिची धूळ आधी दिसायची, मग ती. त्या वर्षी एका सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी मुलं निवडायची असल्याचं पत्र आलं. निवड झाली तर राहणं, शाळा, सराव, जेवणखाण सगळं तिथेच. मी दोनदा वाचलं. वयाप्रमाणे उंचीची अट होती. पायलला जिराफाशी उभी केली. अट होती त्याच्या बोटभर वर तिचं डोकं. बुचडा सोडून, टाचा टेकवून.

अडचण वेगळीच होती. पायलचे आईवडील दिवाळीनंतर खालापूरकडे वीटभट्टीवर जातात ते वैशाखापर्यंत. मुलं बरोबर. हजेरीपटावर नाव राहतं, बाकावर मूल राहत नाही. तिची आई कांता निघायच्या तयारीत होती तेव्हा मी वाडीत गेले. पायलला चाचणी होईपर्यंत मावशीकडे ठेवा, म्हटलं.

कांता भांडी पोत्यात भरत होती. हात न थांबवता म्हणाली, “तिथं खायाला काय देतात, बाई?”

“दोन वेळचं जेवण. नाश्ता. दूध, अंडं.”

“अंडं रोज?”

“रोज.”

ती थांबली. हातातलं पातेलं खाली ठेवलं. “रोज देतात म्हनता... मंग ऱ्हाऊ दे तिला. पन आदीच सांगते, नाय झालं तर मी तिला घेऊन जानार. धाकटीला बघायला भट्टीवर कोन नाय.”

म्हणजे असं होतं ते. एका बाजूला रोजचं अंडं, दुसऱ्या बाजूला भट्टी, आणि मधे बोटभर उंची. मला वाटलं, बोटभर पुरे.

चाचणी कुंभिवलीच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या शाळेच्या मैदानावर होती. टेंपोने कर्जत, तिथून एसटी, मग रिक्षा. पायलने मैत्रीचे बूट घातले होते, पुढे कापूस कोंबून. मैदानावर पोचलो आणि पहिल्यांदा मला वाटलं आपण चुकीच्या दिवशी आलो, ही मोठ्यांची स्पर्धा दिसते. आसपासच्या मोठ्या सोसायट्यांतून आलेली मुलं होती. पाठीवर बाटल्या, पायांत महागडे बूट, आईवडील छत्रीच्या सावलीत. छान मुलं होती, हसरी, निरोगी. त्यांच्यावर राग धरावा असं काही त्यांच्यात नव्हतं. फक्त ती सगळी पायलच्याच वयाची होती.

शिट्टी वाजली. “उंचीप्रमाणे रांग!”

पायल सवयीने धावत गेली आणि शेवटी जाऊन उभी राहिली. ताठ, हात खाली, हनुवटी वर. तिच्यापुढे जी मुलगी होती तिच्या पाठीमागे पायल दिसेनाशी झाली.

निवड करणारे सर रांगेवरून चालत आले. “तू पुढे ये.” ती दोन मुली पुढे सरकली. “अजून पुढे.” अजून दोन. सर हाताने खूण करत राहिले आणि ती एकेकीला ओलांडत पुढे येत राहिली, प्रत्येक वेळी थांबून मागे बघत, आता पुरे असेल असं समजून. शेवटी तिच्यापुढे कुणीच उरलं नाही. मैदानाच्या कडेला दोरीपलीकडे मी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी काहीतरी चुकवतंय, तुम्ही सांगा ना, अशी नजर होती ती. मी नुसती मान हलवली.

तिच्या मागच्या उंच मुलीने वाकून विचारलं, “तू थर्डला आहेस?”

“पाचवीला,” पायल म्हणाली. ती मुलगी सरळ झाली. तिने आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं.

उंचीला स्टीलचा खांब होता, त्यावर सरकती पट्टी. पट्टी पायलच्या डोक्यावर टेकली आणि सरांनी वाकून आकडा बघितला. मग फॉर्म बघितला. पुन्हा पट्टी वर करून खाली आणली. अटीपेक्षा दोन बोटं कमी.

“बाई, फॉर्मवर जास्त लिहिलंय तुम्ही.”

“मी स्वतः मोजलंय, सर. परत बघा.”

त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं. माणूस चांगला होता, म्हणूनच हळू आवाजात म्हणाला, “असू दे हो. सगळेच थोडं वाढवून लिहितात.” माझे कान तापले. मी वाढवून लिहिलेलं नव्हतं. मी तावातावाने तसं सांगितलं, आवाज चढला, छत्र्यांखालच्या माना वळल्या. नियम नियम असतो हे मलाही कळत होतं. पण ती धावण्याआधीच तिला परत पाठवायचं? मी म्हटलं, “नोंद करू नका, पण धावू द्या. दोन तासांवरून आलोय आम्ही.” ते म्हणाले, शेवटच्या गटात उभी करा.

पायलने बूट काढून माझ्या हातात दिले आणि अनवाणी उभी राहिली. आठ मुली होत्या. ती दुसरी आली. पाणी देणारी ती उंच मुलगी पहिली. दोघी धापा टाकत एकमेकींना धरून उभ्या होत्या, एकीचा हात दुसरीच्या डोक्यावर. सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. पायल माझ्याकडे आली, बूट घेतले आणि म्हणाली, “बाई, तिच्या एका ढांगंत माज्या दोन व्हतात.” तक्रार नव्हती त्यात. गणितातली एखादी गंमत सांगावी तसं तिने सांगितलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. चौक गाव मागे पडल्यावर एकदम म्हणाली, “मी कमी झाले.”

“असं कुणी कमी होत नाही गं.”

“व्हतं. बाबा भट्टीवर गेला तवा मी झोपली व्हते. मला वलांडून गेला तो. मी अर्धी जागी व्हते, बघितलं.”

निजलेल्या मुलाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, हे आमच्याकडे सगळेच मानतात. ओलांडलंच तर त्याच माणसाने उलट ओलांडून परत यायचं, म्हणजे दोष जातो. माझी आईसुद्धा मला तसं परत फिरायला लावायची. “आता त्यानंच उलटं वलांडाया पायजे,” पायल म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कांता आली आणि ठरल्याप्रमाणे तिला घेऊन गेली.

मला चैन पडेना. तो खांब चुकला नव्हता, मी चुकले नव्हते, मग तीन बोटं गेली कुठे? त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी टेप घेऊन जिराफासमोर बसले. टेप जमिनीला टेकवून वर नेला. पहिलीच खूण तीन बोटं खाली. दुसरीही. सगळ्याच.

आणि मग दिसलं. जिराफाला खूर नव्हते. मी काढले होते, काळे, चांगले ठसठशीत. त्याआधी दोन उन्हाळ्यांपूर्वी गावाने शाळेला नवी लादी बसवून दिली होती. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच माल टाकून लादी घातलेली. जमीन तीन बोटं वर आली आणि मुलं तीन बोटं वर उभी राहिली. भिंतीवरचे आकडे जिथल्या तिथे. पहिलीतल्या पोरांनी तेव्हा सांगितलंही होतं, “बाई, जिराफ चिखलात रुतला.” मी त्यांना शाबासकी दिली होती, कल्पनाशक्ती चांगली आहे म्हणून.

लादी बसली त्या वर्षी आमची सगळी शाळा अचानक वाढली होती. आम्ही किती खूश झालो होतो! वरून कौतुक आलं होतं. आम्ही खिचडी शिजवणाऱ्या काकींना नारळ देऊन त्यांचा सत्कार केला होता, आणि त्या लाजून पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आता मी नोंदवहीत एकेक नाव घेऊन, लाल पेनाने, सगळ्यांची तीन बोटं काढून घेतली. काकींना सांगायचा धीर अजून झालेला नाही. वह्या वर गेल्या तेव्हा साहेबांचा फोन आला, “बाई, तुमच्याकडची मुलं एकदम कमी कशी झाली?” मी म्हटलं, “कमी नाही झाली, साहेब. होती तेवढीच आहेत.”

पायल आता रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत जाते. गेल्या थंडीत मी तिला पुन्हा कुंभिवलीला नेलं होतं. चांगली दोन बोटं वाढली होती ती. पण वय वाढलं तशी अटही वर सरकली होती, आणि ती आमच्यापेक्षा वेगाने सरकली. यंदाही नेणार आहे. हे सांगताना मला शूर वगैरे वाटत नाही. पण न नेणं मला जमणार नाही.

त्या शनिवारनंतरच्या रविवारचं मात्र सांगायलाच हवं. चूक माझी, तर ती सांगायला मीच भट्टीवर गेले. पाताळगंगेच्या कडेला उघड्या माळावर विटांच्या रांगा वाळत पडलेल्या, तुसाची राख उडते आहे, आणि कच्च्या विटांच्या कमरेएवढ्या भिंतींची खोपटं. पायल धाकटीला कडेवर घेऊन विटा उलट्या करत होती. मला बघून धावत आली. मागोमाग कांता, आणि तिचा नवरा लक्ष्मण, कोपरापर्यंत चिखलाने भरलेला.

“बाई, हिला समजवा,” कांता म्हणाली. “आल्यापासनं खोपटाच्या मेढीला पाठ लावून उभी ऱ्हाती. मी वाडले काय, मी वाडले काय. ह्यांनी उलटी वलांडलीपन तिला. एकदा नाय, दोनदा.” लक्ष्मण खाली बघत होता. “चूक झाली, बाई,” तो म्हणाला. “घाईत व्हतो. टेंपो उभा व्हता. ध्यानातच आलं नाय पोरगी निजलीय.”

मी पायलला त्या मेढीशी, खोपटाच्या खांबाशी, उभी केली. पायाखाली एक वीट आडवी ठेवली आणि डोक्याशी कोळशाने खूण केली. मग वीट काढून घेतली. “आता बघ. तू कमी झालीस का?”

तिने खुणेकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं. “नाय. वीट गेली.”

“आपल्या शाळेची लादी म्हणजे ही वीट. जिराफ खाली राहिला आणि आपण वर चढलो. माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी आहे, पायल. तू केसभरही कमी झाली नाहीस.”

तिने पायाने वीट पुढेमागे सरकवली. मग म्हणाली, “म्हंजे मी पयल्यापासनंच येवढी व्हते?”

“हो.”

लक्ष्मण विटांच्या थप्पीवर खाली बसला. “म्हंजे बाई, मी वलांडली त्यानं नाय?”

“नाही.”

“नक्की नाय?”

“नक्की नाही.”

त्याने मनगटाने डोळे पुसले, गालावर चिखलाचा पट्टा उमटला. मग वर बघून म्हणाला, “मंग कशानं, बाई? तुमची पोरगीपन हिच्यायेवढीच ना? पायल सांगते, ती तुमच्या खांद्याला लागती. मंग आमचीच अशी का?”

उत्तर मला येत होतं. ते चुलीवरच दिसत होतं, मीठ-मिरची आणि भात. ते कांताच्या पोटात पायल असताना तिने वाहिलेल्या चिखलात होतं. पण हा माणूस आत्ता कुठे एक दोष अंगावरून उतरवून ठेवत होता, आणि मी लगेच दुसरा उचलून त्याच्या हातात द्यायचा? तुमच्याच्याने तिला पुरेसं खाऊ घालता आलं नाही, हे त्याला कोणत्या शब्दांत सांगतात? त्याचा दोष नाही म्हणावं, तर मग कुणाचा, हे त्या माळावर उभं राहून सांगण्याइतकी मी मोठी नव्हते.

“लादीमुळं, बाबा,” पायल म्हणाली. “बाई आत्ता बोलल्या ना.”

लक्ष्मणने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. “लादीमुळं! काय गं पोरी तू!” कांताही हसली. मुलांच्या चुका दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, पण ती मी तशीच राहू दिली. कांताने ताटात भात वाढला, आम्ही सगळे जेवलो, लक्ष्मणने दोनदा घेतला. जेवून उठल्यावर तो आपणहूनच म्हणाला, “हिला घेऊन जा, बाई. मावशीकडं ऱ्हाईल, शाळंत जाईल. धाकटीचं बघू आमी.”

पायलची पिशवी भरायला वेळ लागला नाही. आम्ही माळ ओलांडून रस्त्याकडे निघालो. ती नेहमीसारखी पुढे पळाली नाही, माझ्या बरोबरीने चालत होती. मागे वळून दोनदा बघितलं. खोपटं दिसेनाशी झाली तेव्हा तिने माझा हात धरला.

“बाई, लादीनं कोन बुटकं ऱ्हात नाय, येवढं कळतं मला,” ती म्हणाली. “पन बाबा जेवत नव्हता.”